मोटार विमा : न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वी

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व तालुका पातळीवरील अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज गावोगावी मोटारसायकली आहेत, ट्रॅक्टर आहेत, मालवाहू टेम्पो आहेत. यांतील बहुतेक वाहने बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या कर्जातून आलेली असतात आणि त्यांच्या चाकांवर एका कुटुंबाचा संसार चाललेला असतो. असा टेम्पो एका रात्रीत चोरीला गेला, किंवा घाटात उलटला, तर हप्ते थांबत नाहीत. मिळकत मात्र थांबते. अशा वेळी आधार असतो तो विम्याचा. परंतु विम्याचा कागद घरात असणे आणि विम्याची रक्कम हातात पडणे या दोन गोष्टींमध्ये पुष्कळ अंतर आहे. हे अंतर विमेदाराने स्वतः चालून जायचे असते. ते कसे, याविषयी आज चार गोष्टी आपल्यापुढे मांडावयाच्या आहेत.

विमा कंपनीने दावा नाकारला की, “कोर्टात खेचतो” हे वाक्य सहज तोंडी येते. ग्राहकाला तो हक्क आहे, यात शंका नाही. परंतु न्यायासनासमोर पहिला प्रश्न येतो तो असा की, विमापत्राच्या अटींप्रमाणे विमेदाराने आपल्याकडून जे करावयाचे ते केले होते काय? आपल्याकडील मोटार विम्याच्या प्रमाणित विमापत्रातच असे नमूद असते की, विमेदाराने अटींचे यथोचित पालन करणे ही कंपनीच्या दायित्वाची पूर्वअट आहे. म्हणून खटल्याची तयारी वकिलाच्या कार्यालयात सुरू होत नाही. ती विमापत्र हातात पडते त्या दिवशी सुरू होते.

दोन प्रकारचे संरक्षण

प्रथम एक मूलभूत भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविण्यासाठी जो विमा सक्तीचा आहे, तो त्रयस्थ व्यक्तीच्या, म्हणजे आपल्या वाहनामुळे ज्याचे नुकसान होईल त्याच्या संरक्षणासाठी आहे. आपल्या स्वतःच्या वाहनाची मोडतोड किंवा चोरी यांसाठीचा विमा ऐच्छिक असून तो वेगळा घ्यावा लागतो.

या भेदाविषयीच्या अज्ञानामुळे पुष्कळांची निराशा होते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा त्रयस्थ विमा एकदम घ्यावा लागतो. दुचाकी घेणारा समजतो की, आपल्या गाडीचा पाच वर्षांचा विमा उतरलेला आहे. प्रत्यक्षात स्वतःच्या नुकसानीचा विमा बहुधा एकाच वर्षाचा असतो आणि तो केव्हाच संपून गेलेला असतो. तिसऱ्या वर्षी गाडी चोरीला गेली, तर अशा वेळी कोणतेही न्यायालय साहाय्य करू शकत नाही. कारण त्या नुकसानीचा करारच अस्तित्वात नसतो. तेव्हा विमापत्रावरील दोन्ही मुदती वेगवेगळ्या वाचाव्यात.

याशिवाय वाहनाचा मालक स्वतः वाहन चालवीत असताना दगावला किंवा कायमचा अपंग झाला, तर त्याच्यासाठी वैयक्तिक अपघात विमा असतो. २०१८ पासून त्याची रक्कम १५ लाख रुपये आहे. मात्र मालकाकडे वाहन चालविण्याचे वैध लायसन्स असेल, तरच तो लागू होतो. घरातील कर्ता पुरुष गेल्यावर हा विमा होता हेच कुटुंबाला ठाऊक नसावे, यासारखे दुर्दैव नाही.

अपघातापूर्वीची कर्तव्ये

विमा हा परम सद्भावाचा करार आहे. प्रस्तावपत्रात दिलेली माहिती खरी असली पाहिजे. मागील वर्षी दावा घेतला असताना तो न घेतल्याचे सांगून हप्त्यात सवलत मिळविणे, प्रवासी वाहतुकीची गाडी खासगी म्हणून दाखविणे, असे प्रकार हप्त्यात थोडी बचत करतात आणि दाव्याच्या वेळी सारेच घालवितात. प्रस्तावपत्र एजंटाने भरले तरी सही आपली असते. म्हणून वाचल्याशिवाय सही करू नये.

हप्त्याविषयीही सावध असावे. १९३८ च्या विमा अधिनियमाच्या कलम ६४ व्हीबी नुसार हप्ता आधी मिळाल्याखेरीज कंपनी जोखीम स्वीकारू शकत नाही. धनादेश वटला नाही आणि कंपनीने तसे कळवून विमापत्र रद्द केले, तर त्यानंतरच्या अपघाताची भरपाई मागता येत नाही.

जुने वाहन विकत घेतल्यावर चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नाव बदलण्यासाठी अर्ज करावा, असे मोटार वाहन अधिनियमाचे कलम १५७ सांगते. त्रयस्थ व्यक्तीपुरता विमा नव्या मालकाकडे आपोआप गेला असे कायदा मानतो. परंतु स्वतःच्या नुकसानीच्या विम्याला हा नियम लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच स्पष्ट केले आहे. बाजारात मुद्रांक कागदावर सौदा होतो, गाडी दारात येते आणि नोंदणी व विमा मात्र जुन्या मालकाच्या नावावर राहतात. पुढे गाडी जळाली, तर नव्या मालकाचा कंपनीशी करार नाही आणि जुन्या मालकाचे काही नुकसान झालेले नाही, अशी विचित्र स्थिती उद्भवते.

नोंदणीचेही तसेच आहे. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपल्यावर वाहन रस्त्यावर आणणे, हा विमा कराराचा मूलभूत भंग ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अपघाताच्या आणि २०२१ साली चोरीच्या प्रकरणात याच कारणासाठी दावे अमान्य केले. चालकाचे लायसन्स, व्यावसायिक वाहनाचा परवाना व योग्यता प्रमाणपत्र यांच्या तारखा घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात. लायसन्सच्या प्रकाराविषयी मात्र एक दिलासा आहे. साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या हलक्या व्यावसायिक वाहनासाठी हलक्या वाहनाचे लायसन्स पुरेसे आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे.

वाहनाचा वापरही विमापत्रात सांगितल्याप्रमाणेच हवा. शेतीकामासाठी विमा उतरविलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वऱ्हाडी मंडळी किंवा ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे बसविली आणि ट्रॉली उलटली, तर कंपनी आपली जबाबदारी नाकारू शकते. किंवा न्यायाधिकरणाच्या आदेशाने जखमींना रक्कम देऊन ती पुढे मालकाकडून वसूल करू शकते. अटींचा भंग असतानाही आधी कंपनीने द्यावे व नंतर मालकाकडून घ्यावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली विस्ताराने मांडले आहे. अपघातग्रस्ताच्या दृष्टीने ते हितकारक आहे. परंतु ट्रॅक्टर मालकाची जमीन विकण्याची वेळ त्यातूनच येते.

अपघात घडल्यानंतर

अपघात घडला की पहिले कर्तव्य माणसाविषयी आहे. अधिनियमाच्या कलम १३४ नुसार चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून दिली पाहिजे आणि शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा चोवीस तासांत, जवळच्या पोलीस ठाण्याला खबर दिली पाहिजे. याच कलमात विमा कंपनीला लेखी माहिती देण्याचेही बंधन आहे : विमापत्राचा क्रमांक व मुदत, अपघाताची तारीख, वेळ व ठिकाण, जखमी किंवा मृत व्यक्तींचा तपशील, आणि चालकाचे नाव व लायसन्सचा तपशील. ही माहिती देणे हे केवळ कराराचे नव्हे, तर कायद्याचे बंधन आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

कंपनीला फोनवरून खबर द्यावी आणि मिळालेला नोंद क्रमांक लिहून ठेवावा. पण तेवढ्यावर थांबू नये. ई-मेलने किंवा पोच असलेल्या टपालाने लेखी सूचना त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी पाठवावी. एजंटाच्या कानावर घातले म्हणजे कंपनीला कळविले, असे समजू नये.

सर्वेक्षकाने, म्हणजे सर्व्हेयरने पाहणी करण्यापूर्वी वाहनाची दुरुस्ती करू नये. जागच्या जागी छायाचित्रे घ्यावीत. बदललेले जुने भाग कंपनीने पाहीपर्यंत जपून ठेवावेत. वाहन बेवारस सोडू नये आणि नादुरुस्त स्थितीत चालवू नये. कारण त्यामुळे वाढलेले नुकसान विमेदाराच्या माथी येते, अशी स्पष्ट अट विमापत्रात असते. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीच्या आणि २०२१ साली चिपळूणच्या महापुरात असंख्य वाहने पाण्याखाली गेली. पुरात बुडालेल्या गाडीचे इंजिन पाणी ओसरताच सुरू करून पाहण्याचा मोह होतो. तसे केल्याने इंजिन फुटले, तर ते नुकसान पुराचे नव्हे, तुमच्या कृतीचे, असे म्हणून कंपनी ते वगळते. अशी गाडी सुरू न करता ओढून कार्यशाळेत न्यावी.

आणखी एक अट आपल्या ग्रामीण रीतीच्या आड येणारी आहे. अपघातानंतर गावातील चार प्रतिष्ठित बसतात आणि “जाऊ द्या, इतके देऊन टाका” म्हणून प्रकरण मिटवितात. त्यामागील हेतू चांगला असतो. परंतु कंपनीच्या लेखी संमतीविना दोष कबूल करणे, रक्कम देऊ करणे किंवा वचन देणे विमापत्राच्या अटींनुसार निषिद्ध आहे. जखमीला रुग्णालयात नेण्यास व माणुसकीची मदत करण्यास कोणी हरकत घेणार नाही. भरपाईचा लेखी करार मात्र करू नये. तसेच मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली, तर ती फडताळात न ठेवता तत्काळ कंपनीकडे पोचवावी.

चोरीचे प्रकरण

चोरीच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पोलिसांकडे तातडीने फिर्याद. “दोन दिवस आपणच शोधू” असे म्हणून घालविलेले दिवस पुढे महाग पडतात. हद्दीचा प्रश्न काढून फिर्याद नाकारता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी खबर नोंदविली पाहिजे आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य दिली पाहिजे. नोंद न झाल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवावा व त्याची पोच जपावी.

त्यानंतर कंपनीला, कर्ज देणाऱ्या बँकेला आणि परिवहन कार्यालयाला लेखी कळवावे. वाहनाच्या दोन्ही चाव्या जपून ठेवाव्यात. कंपनी त्या मागते. पोलिसांना तपास लागला नाही, तर ‘अ’ समरीचा, म्हणजे गुन्हा खरा पण उघडकीस न आल्याचा, अहवाल मिळविण्यासाठी पाठपुरावा करावा.

येथे एका निकालाचा उल्लेख करणे उचित होईल. एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर चोरीला गेला. त्याने त्याच दिवशी पोलिसांत फिर्याद दिली; विमा कंपनीला मात्र बावन्न दिवसांनी कळविले. या विलंबासाठी कंपनीने दावा नाकारला. २४ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने असा निर्णय दिला की, चोरीनंतर पोलिसांना तातडीने खबर दिलेली असेल आणि दावा खरा असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळविले म्हणून तो नाकारता येणार नाही. विमा नियामक प्राधिकरणानेही २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकाने, विलंबाच्या कारणावरून खरे दावे यांत्रिकपणे फेटाळू नयेत असे कंपन्यांना बजावले होते.

परंतु या निकालाचा अर्थ “कळविले नाही तरी चालते” असा कोणी घेऊ नये. त्या शेतकऱ्याचा दावा तरला, तो त्याच दिवशी दिलेल्या फिर्यादीमुळे. आणि त्यालाही चोरी २०१० सालची असताना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२० साल उजाडेपर्यंत वाट पाहावी लागली. एक लेखी अर्ज वेळीच दिला असता, तर कदाचित ही दहा वर्षे वाचली असती.

अटीचा भंग झाला म्हणजे सर्व संपले असेही नाही. खासगी वापरासाठी विमा उतरविलेली गाडी भाड्याने नेत असताना प्रवाशांनीच ती पळवून नेली, अशा एका प्रकरणात चोरीचा आणि वापराच्या अटीचा संबंध नाही, असे म्हणून २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने पंचाहत्तर टक्के रक्कम देण्याचा आदेश कायम ठेवला. याला विमा व्यवहारात ‘नॉन-स्टँडर्ड’ तत्त्वावरील तडजोड म्हणतात. कंपनीने साफ नकार दिला, तर या तत्त्वावर तरी विचार करावा, अशी लेखी मागणी विमेदाराने अवश्य करावी.

नकार आल्यानंतरच्या पायऱ्या

कंपनीने मागितलेली कागदपत्रे पोच घेऊन द्यावीत. ‘कागदपत्रे नाहीत’ एवढ्याच कारणावरून दावा फेटाळू नये, अशा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ सालच्या सूचना आहेत. नकार तोंडी स्वीकारू नये. कारणांसह लेखी पत्र मागावे. या पत्राला फार महत्त्व आहे. नकारपत्रात न दिलेले कारण कंपनी पुढे खटल्यात नव्याने मांडू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली म्हटले आहे. रक्कम कमी मिळत असेल, तर “पूर्ण व अंतिम समाधान” असे छापलेल्या पावतीवर सही करण्यापूर्वी थांबावे आणि आपला आक्षेप लेखी नोंदवावा. अशी सही दबावाखाली किंवा फसवणुकीने घेतली असल्यास हक्क बुडत नाही, असा १९९९ चा निकाल आहे; पण दबाव सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते.

यानंतर पहिली पायरी म्हणजे कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. ती नियामक प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ या व्यवस्थेद्वारेही करता येते. तिचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १५५२५५ हा आहे.

दुसरी पायरी विमा लोकपालाची. २०१७ च्या विमा लोकपाल नियमांनुसार कंपनीकडे आधी लेखी तक्रार केलेली असणे बंधनकारक आहे. कंपनीने ती फेटाळली, एका महिन्यात उत्तर दिले नाही, किंवा दिलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर एका वर्षाच्या आत लोकपालाकडे जाता येते. वैयक्तिक विम्याच्या ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तेथे ऐकल्या जातात. फी नाही, वकील लागत नाही. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. विमेदाराला तो मान्य नसेल, तर पुढचा मार्ग मोकळा राहतो. मात्र तेच प्रकरण न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात दाखल असेल, तर लोकपाल ते घेत नाहीत. म्हणून पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. जो आधी आयोगात गेला, त्याने लोकपालाचे दार आपल्या हाताने बंद केले. आपल्या राज्यात मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत.

तिसरी पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते; कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरी जावे लागत नाही. हप्त्याच्या रूपाने दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ही मुदत लांबत नाही, हे विसरू नये.

त्रयस्थ म्हणून जखमी झालेल्यांचा किंवा मृताच्या वारसांचा मार्ग वेगळा आहे. त्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावयाचे असते. १ एप्रिल २०२२ पासून त्यासाठी सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातली आहे. या मुदतीच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेला आहे. तरीही आपल्या गावातील विधवा किंवा जखमी मजूर सहा महिन्यांच्या आत अर्ज करील, याची काळजी आपण घेतलेली बरी.

आपले काम

मित्रहो, अपघाताच्या रात्री कोणीही कायद्याचे पुस्तक उघडत नाही. त्या रात्री माणूस येतो तो सरपंचाकडे, गुरुजींकडे, ओळखीच्या अधिकाऱ्याकडे. त्या वेळी आपण त्याला दोन अर्ज लिहून दिले, एक पोलीस ठाण्याचा व एक विमा कंपनीचा, आणि त्यांची पोच जपून ठेवावयास सांगितले, तरी त्याच्या दाव्याचा पाया घातला गेला असे समजावे. ग्रामपंचायतीच्या फलकावर या दोन अर्जांचे नमुने लावता येतील. शाळेतील वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून घरच्या वाहनाच्या कागदपत्रांच्या मुदती लिहून घेता येतील. मुलांनी विचारले म्हणजे वडिलांना कागद काढावाच लागतो. ग्रामसभेत पावसाळ्यापूर्वी पंधरा मिनिटे या विषयाला देता येतील.

विमा कंपन्या चुकत नाहीत असे मुळीच नाही. त्या चुकतात म्हणून तर लोकपाल आणि आयोग निर्माण झाले. परंतु कंपनीची चूक दाखवावयाची, तर आपली बाजू निर्दोष असली पाहिजे. ज्याच्या हाती वेळेवर दिलेल्या फिर्यादीची प्रत आहे, लेखी सूचनेची पोच आहे आणि कारणांसह नकारपत्र आहे, असा साधा शेतकरीही मोठ्या कंपनीसमोर बरोबरीने उभा राहू शकतो. ही कागदपत्रे त्याच्या हाती यावीत, एवढे साहाय्य आपण प्रत्येकाने करावे, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.